लंकलाट, चीट आणि धोटा

माझी आजी 'चिटाचे पोलके' म्हणायची आणि गादीच्या खोळीला लंकलाट आणायला सांगायची. घर भिवंडीतले, वडील साच्यावर कामाला. त्यामुळे कापडाची नावे कानावरच वाढली. बारावीनंतर शिक्षण सुटले, मी कारखान्यात हिशेब लिहू लागलो. इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या त्या पुढे, मांडीवर शब्दकोश घेऊन. त्यांतले कापडांचे अनेक शब्द आता जुने झाले आहेत, म्हणून प्रतीच्या शेवटी त्यांचे अर्थ दिलेले असतात. ते चाळताना मला आजी आठवत राहिली.

'चिंट्झ' म्हणजे आपले चीट किंवा छीट. इंग्रजांनी 'चिंट'चे अनेकवचन केले आणि पुढे तेच एकवचन समजून वापरले. 'कॅलिको' हे नाव कालिकतवरून, म्हणजे आजच्या कोळिकोडवरून पडले. हे कापड इंग्लंडात इतके खपले, की तिथल्या विणकरांच्या रेट्याने १७२१ मध्ये बहुतेक छापील सुती कापड वापरण्यावरच कायद्याने बंदी आली. १७७४ मध्ये ती उठली, पण इंग्लंडात विणलेल्या कापडापुरती.

१८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी'त हेन्री टिल्नी बहिणीसाठी घेतलेल्या मलमलीची फुशारकी मारतो: वाराला फक्त पाच शिलिंग, आणि तीही अस्सल हिंदुस्थानी! 'अस्सल' म्हणावे लागते, कारण तोवर नक्कल बाजारात आलेली आहे. १८५१ मधल्या एका पत्रात जॉर्ज एलियट एका कापडाला नाक मुरडताना 'चिंट्झी' हे विशेषण वापरते. गिरणीतल्या स्वस्त नकलांबरोबर शब्दाचीही पत उतरली.

लंकलाटाचा प्रवास उलटा झाला. तो मूळचा 'लाँगक्लॉथ'. इथून परदेशी जाणाऱ्या लांब ताग्यांना व्यापाऱ्यांनी दिलेले हे नाव. पुढे लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड त्याच नावाने इथे विकायला आले आणि आपल्या तोंडी त्याचे लंकलाट झाले. माल आपला गेला, नाव त्यांचे परत आले.

इथवरची हकीकत अभिमानाने सांगता येते. पण एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' (१८५४-५५) वाचली आणि माझा अभिमान अडखळला. सुरुवातीला लंडनच्या दिवाणखान्यात नायिकेच्या खांद्यांवर हिंदुस्थानी शाली टाकून पाहतात. पुढे तीच नायिका गिरणगावात जाते. तिथे तिला बेसी भेटते. कापूस पिंजण्याच्या खोलीत उडणारे तंतू छातीत जाऊन ही कामगार मुलगी मरणाला टेकली आहे. ती धूळ बाहेर ओढणारे चाक बसवता येते, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि नफा काहीच नाही, असे बेसीच सांगते. माझ्या प्रतीत शालीवर टीप होती. बेसीच्या खोकल्यावर टीप नव्हती, आणि मला तिची गरजही पडली नाही. तो खोकला मी घरात रात्रपाळीनंतर ऐकलेला होता.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतले कितीतरी साचे भंगाराच्या भावाने भिवंडीत आले. वडिलांच्या शेडमधल्या एकावर 'ब्लॅकबर्न' असे लँकेशायरमधल्या गावाचे नाव ओतलेले होते. वडिलांना ते वाचता येत नव्हते. त्या साच्याचा आवाज मात्र ते झोपेतही ओळखत.

कापडाला गावाचे नाव मिळाले, ते विणणाऱ्याला क्वचितच मिळाले. गॅस्केलने बेसीला नाव दिले, म्हणून ती मला भेटली. म्हणून सध्या मी एका वहीत साच्यावरचे शब्द उतरवतो आहे: धोटा, कांडी, फणी, बीम. प्रत्येक शब्दापुढे तो कोणाकडून ऐकला त्याचे नाव लिहितो. आता भिवंडीतही धोट्याविना चालणारे रेपियर साचे आले आहेत. उद्या एखाद्या कादंबरीत 'धोटा' या शब्दाला टीप द्यावी लागेल. ती लिहिणाऱ्याला माझी वही मिळावी, एवढीच इच्छा आहे.