आबाजींची जीप, कापसाचा ट्रेलर आणि एका लिटरचा इतिहास

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना केलेली थोडी बडबड गाळली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा एपिसोड एका भांडणापासून सुरू होतो. मागच्या दिवाळीत आमच्या काकांनी आबाजींची जुनी पेट्रोल जीप बाहेर काढली, मागे ट्रेलर जोडला, ठिबकचे पाइप भरले आणि अमरावतीहून अकोल्याकडे निघाले. संध्याकाळी परत आले ते चिडूनच. "पंपवाले पेट्रोलात पाणी मारतेत! गाडी पेट्रोल पिते का ढोसते, काही समजूनच नाई राह्यलं."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. तक्रार आली की आधी लॉग बघायचा, ही सवय. आणि गंमत म्हणजे लॉग घरातच होता. आबाजींची वही! जीपमध्ये किती लिटर टाकलं, किती किलोमीटर गेली, ट्रेलर होता की नव्हता, होता तर त्यात काय होतं, सगळं निळ्या शाईत. ती वही वाचत गेलो आणि लक्षात आलं की काकांचा प्रश्न पंपवाल्याचा नाहीच. प्रश्न असा आहे: "एक लिटर पेट्रोल" म्हणजे नेमकं काय?

आधी जीपबद्दल. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. युद्धासाठी बनलेली ही गाडी आपल्याकडे शेतात, जंगलात आणि निवडणुकीच्या प्रचारात रुळली. मागे हूक असल्यामुळे ट्रेलर सहज लागायचा. 1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि संकलन केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. बहुतेकांची बैलगाडी, काहींचा ट्रॅक्टर, आणि आमच्या आबाजींची जीप.

वहीतली पहिली मजा इथेच आहे. खताच्या पोत्यांचा ट्रेलर जड, पण बुटका. कापसाचा ट्रेलर त्यापेक्षा हलका, पण डोंगराएवढा उंच. तरी मोकळ्या रस्त्यावर कापसाच्या खेपेला पेट्रोल जास्त लागलेलं दिसतं. कारण वजन ओढायला ताकद लागते तशी हवा कापायलाही लागते, आणि वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यात कापसाचा हंगाम थंडीचा. पंधरा अंशांची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के दाट असते. म्हणजे पेट्रोल तेच असलं तरी ऋतू बदलला की मायलेज बदलतं.

आता उन्हाळा. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. वहीत मे महिन्याच्या नोंदींपुढे एक शब्द वारंवार येतो: "फडकं". लहानपणी मी स्वतः पाहिलंय. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात, मागे भरलेला ट्रेलर, आणि जीप मधेच बंद. मला वाटलं, इंजिन गेलं. आबाजी शांतपणे उतरले, फडकं ओलं केलं आणि पेट्रोलच्या पंपावर गुंडाळलं. म्हणाले, "गाडी नाई बिघडली, पोट्ट्या. पेट्रोल उकयलं."

अक्षरशः तेच झालं होतं. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले काही द्रव कमी तापमानालाच उडतात. नळीत त्यांची वाफ झाली की पंपाला द्रव मिळत नाही आणि गाडी गुदमरते. याला व्हेपर लॉक म्हणतात. घाटात ट्रेलर ओढताना वेग कमी, इंजिन तापलेलं आणि समोरून वाराही नाही. व्हेपर लॉकला याहून चांगली जागा कुठली?

म्हणूनच जगभर पेट्रोलला ऋतू असतात. अमेरिकेत हिवाळी पेट्रोलमध्ये ब्यूटेनसारखे लवकर उडणारे घटक जास्त घालतात, म्हणजे बर्फातही गाडी चालू होते. उन्हाळ्यात ते कमी करतात. 1989 पासून तिथे उन्हाळी पेट्रोलच्या वाफेवर सरकारी मर्यादा आहे. उन्हाळी मिश्रणात ऊर्जाही साधारण पावणेदोन टक्के जास्त असते. आपल्याकडच्या पेट्रोलच्या मानकातही व्हेपर लॉकची मर्यादा उन्हाळ्यासाठी वेगळी आणि इतर महिन्यांसाठी वेगळी आहे. पंपावरच्या पाटीवर ते लिहिलेलं नसतं, एवढंच.

पण आपल्या लिटरमधला मोठा बदल ऋतूमुळे आलेला नाही. तो आला इथेनॉलमुळे, आणि त्याचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे.

दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, भारतात पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. तेव्हा कोळशाच्या गॅसवर बस चालवल्या गेल्या. इंग्लंडमध्ये तर काही बसच्या मागे गॅस बनवणारी भट्टी ट्रेलरवर ओढत नेत. विचार करा, स्वतःचं इंधनच ट्रेलरवर! ताकद पेट्रोलपेक्षा खूपच कमी मिळायची, पण बस हलायची. तेल बाहेरून आणावं लागतं ही भीती तेव्हापासून मनात बसली. 1948 मध्ये पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट आला. पुढे तो मागे पडला आणि 2000 मध्ये रद्दही झाला.

लगेच पुढच्या वर्षी, 2001 मध्ये, सरकारने नव्याने प्रयोग केला. तीन ठिकाणांपैकी दोन आपल्या महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. 2003 पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. कितीतरी वर्षं ते रखडत चाललं. मग वेग आला. जून 2022 मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी 2023 मध्ये वीस टक्केवालं ई-20 पेट्रोल बाजारात आलं आणि 2025 पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं.

आता हिशोब. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे 21. म्हणजे इथेनॉल एक तृतीयांश हलकं पडतं. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे जवळपास सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट नोंदवली आहे. नव्या, त्यासाठीच तयार केलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के.

हा फरक का? इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. जास्त दाब देणारं इंजिन त्याचा फायदा उचलतं. पण विलीजच्या मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास. तिला त्या ऑक्टेनचा उपयोग शून्य, तोटा तेवढा पूर्ण. वर कार्बोरेटर. नव्या गाडीचा सेन्सर मिश्रण ओळखून इंधन वाढवतो, कार्बोरेटरला मात्र काही कळत नाही. मिश्रणात हवेचं प्रमाण वाढतं, ताकद पडते, आणि आपण अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबतो.

आणि ट्रेलर? इथे कान द्या. समजा, जीप एकटी लिटरला 10 किलोमीटर देते. अमरावती ते अकोला साधारण 100 किलोमीटर, म्हणजे 10 लिटर. सात टक्के घट धरली तर पाऊण लिटर जास्त. ट्रेलर जोडून तीच जीप 6 देत असेल, तर आधी पावणेसतरा लिटर लागत होतं, आता जवळपास अठरा. सव्वा लिटर जास्त. टक्का तोच, पण खिशातून जाणारे पैसे वेगळे. म्हणून ही घट शहरातल्या स्कूटरवाल्याला जाणवत नाही आणि भार ओढणाऱ्याला लगेच जाणवते. काका खोटं बोलत नव्हते. पण पंपवालाही चोर नव्हता. इथेनॉल पंपावर नाही, डेपोतच मिसळलं जातं. अकोल्याजवळ गायगावला तसा डेपो आहे.

अजून एक गोष्ट. अमरावती-अकोला रस्ता आठवतो ना, खड्ड्यांचा? त्याच जून 2022 मध्ये या महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज विक्रम झाला. म्हणजे देशाने दहा टक्के गाठले त्याच महिन्यात आपला रस्ताही बदलला. गुळगुळीत रस्त्याने मायलेज वाढतं, हलक्या लिटरने कमी होतं. आता वहीतला जुना आकडा आणि आजचा आकडा सरळ शेजारी ठेवून कुणाला दोष देणार?

आणि वऱ्हाडाचा प्रश्न इथे संपत नाही. सुरुवातीला इथेनॉल उसाचं होतं, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचं. आता मोठा वाटा मक्याचा. मका वापरून उरलेला चोथा पशुखाद्यात जातो आणि तिथे तो सोयाबीनच्या पेंडीशी स्पर्धा करतो. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि आपल्या बाजार समित्यांत भाव त्याच्या खाली. कारणं बरीच आहेत, जागतिक बाजारही आहे, पण हा चोथाही त्यात आहे. मका लावणाऱ्याला मात्र त्याच धोरणाने गिऱ्हाईक दिलं. एकच लिटर, कुणाला देतं, कुणाकडून घेतं.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. देशाचं तेलाचं बिल कमी व्हावं, धूर कमी व्हावा, हे मलाही हवं. माझी मागणी छोटी आहे: पंपावर मिश्रणाचा टक्का ठळक लिहा, आणि जुन्या गाडीवाल्याला घट किती ते सरळ सांगा. माहिती दिली नाही की माणूस समोरच्या पोरावर संशय घेतो, आणि तो पोरगा बिचारा आठ तास उन्हात उभा असतो.

काकांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग वही मागितली, पट्टीने एक नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं: "इथेनॉल". दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरचा जेट बदलायला जीप मिस्त्रीकडे गेली. त्या पंपावरच्या पोराशीही बोलून आले. काय बोलले ते सांगितलं नाही.

तुमच्या घरी अशी वही आहे का? ट्रॅक्टरची, लुनाची, कशाचीही? असेल तर फोटो पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये वाचू. तोवर टायरमधली हवा तपासा, आणि चला, भेटू!