हाफ-बॅक वॉल्टर टल

आमचे चिरंजीव तेरा वर्षांचे असताना, म्हणजे २००१ च्या हिवाळ्यात, दर रविवारी सकाळी इथल्या मुलांच्या लीगमध्ये फुटबॉल खेळत असत. मी थर्मास घेऊन कडेला उभा. एका रविवारी समोरच्या संघाच्या कुणा पालकाने त्याच्या रंगावरून काहीतरी ओरडले. मी ऐकले, मुलाने ऐकले. पंचांनीही ऐकले असावे. परतताना गाडीत मी त्याला आपल्या पिढीचा ठरलेला सल्ला दिला : तिकडे लक्ष देऊ नकोस, खेळाने उत्तर दे. पुढचे दोन रविवार तो गेलाच नाही.

त्याच सुमारास कामानिमित्त नॉर्दॅम्प्टनला जाणे झाले. तिथल्या सिक्सफील्ड्स मैदानाजवळ १९९९ साली उभारलेले एक स्मारक दिसले. नाव वॉल्टर टल. मी शिवाजी पार्कावर क्रिकेट खेळून वाढलेला माणूस, हे नाव कधी कानावर आले नव्हते. मग लायब्ररीत बसून वाचत गेलो.

टलचा जन्म १८८८ चा, केंट परगण्यातल्या फोकस्टनचा. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटमधलीच गोरी. म्हणजे आपल्या मुलांसारखाच, इथे जन्मलेला परदेशी! वय सातच्या आसपास असताना आई गेली, दोन वर्षांनी वडील गेले. सावत्र आईला एवढा संसार झेपेना, म्हणून वॉल्टर आणि थोरला भाऊ एडवर्ड यांची रवानगी लंडनमधल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात झाली. एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले आणि पुढे तो दाताचा डॉक्टर झाला. वॉल्टर मागे राहिला. तो छपाईचे काम शिकला आणि फुटबॉल खेळू लागला.

१९०८ साली तो क्लॅप्टन या हौशी संघात आला आणि वर्षभरात टॉटनहॅम हॉटस्परने त्याला उचलले. दहा पौंड रोख आणि आठवड्याला चार पौंड पगार. चार पौंड ही तेव्हाची कायदेशीर कमाल मर्यादा होती. आजच्या खेळाडूंनी हसावे की रडावे? इंग्लंडमधला तो पहिला काळा व्यावसायिक खेळाडू नव्हे. गोलकीपर आर्थर व्हॉर्टन त्याच्या आधीचा. पण पहिल्या डिव्हिजनमध्ये असा चेहरा तेव्हा क्वचितच दिसे.

ऑक्टोबर १९०९ मध्ये टॉटनहॅमचा सामना ब्रिस्टलला झाला. प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने टलवर इतक्या घाणेरड्या शिव्यांचा भडिमार केला, की एका वार्ताहराने खेळाचे वर्णन बाजूला ठेवून त्याबद्दलच लिहिले. मैदानावरचा सर्वांत सभ्य आणि चांगला खेळाडू टलच होता, असा त्याचा निर्वाळा होता. म्हणजे टलने खेळानेच उत्तर दिले होते. आणि तरीही थोड्याच दिवसांत तो राखीव संघात गेला. टॉटनहॅमकडून लीगचे एकूण दहा सामने आणि दोन गोल, एवढीच त्याची नोंद. खेळात काही कमी पडले, की क्लबला गलका नको होता? मला विचाराल तर दुसरे कारण जास्त पटते.

१९११ साली हर्बर्ट चॅपमनने त्याला नॉर्दॅम्प्टनला नेले. हाच चॅपमन पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलमुळे प्रसिद्ध झाला. नॉर्दॅम्प्टन तेव्हा सदर्न लीगमध्ये, म्हणजे एक पायरी खाली. आरंभी टलला पुढच्या फळीत खेळवून पाहिले. एका सामन्यात त्याने ब्रिस्टल रोव्हर्सवर चार गोल चढवले. क्लब वेगळा, पण शहर तेच, हे वाचून मला बरे वाटले, ते कशाला लपवू? पण त्याची खरी जागा सापडली ती मधल्या फळीत. तेव्हा दोन बॅक, तीन हाफ-बॅक आणि पाच फॉरवर्ड अशी रचना असे. हाफ-बॅक म्हणजे आजचा मिडफील्डर. समोरच्याचा हल्ला अडवायचा, चेंडू काढून घ्यायचा, मान वर करून पाहायचे आणि पुढच्याला नेमका द्यायचा. धावपळ सगळी याची, नाव गोल करणाऱ्याचे. तिथे तो पहिल्या संघाकडून १११ सामने खेळला. गोल फक्त नऊ, पण मधल्या फळीचा माणूस गोलांवर मोजायचा नसतो.

डिसेंबर १९१४ मध्ये तो फुटबॉलपटूंच्या पलटणीत, म्हणजे मिडलसेक्स रेजिमेंटच्या सतराव्या बटालियनमध्ये भरती झाला. १९१६ मध्ये तोफांच्या माऱ्याने मनावर परिणाम होऊन परत आला, बरा झाला आणि पुन्हा फ्रान्सला गेला. मे १९१७ मध्ये तो अधिकारी झाला. लष्कराच्या नियमांनुसार अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचा असावा लागे. माणसे कमी पडू लागली तेव्हा नियम गुंडाळून ठेवला गेला. आपल्याकडच्या सुभेदार-जमादारांचे घराणे सांगणाऱ्यांना यातली गोम कळेल : हिंदी माणसाला राजाचे कमिशन खुले झाले ते त्याच साली, ऑगस्टमध्ये. त्याआधी कितीही वर्षांचा सुभेदार असो, गोऱ्या शिपायाला हुकूम देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

इटलीत पियावे नदी ओलांडून टलने सव्वीस जणांची तुकडी नेली आणि एकही माणूस न गमावता परत आणली. त्याच्या धैर्याची आणि थंड डोक्याची वरिष्ठांनी लेखी नोंद केली. २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये, जर्मनांच्या मोठ्या चढाईत, तो गोळी लागून पडला. वय एकोणतीस. बिलिंगहॅम नावाच्या शिपायाने त्याला मागे आणण्याचा प्रयत्न केला. हा शिपाईही फुटबॉलवालाच, लेस्टरचा गोलकीपर. पण मागे हटताना देह तिथेच सोडावा लागला आणि पुढे तो सापडलाच नाही. पदकासाठी त्याची शिफारस झाल्याचे एका सहकारी अधिकाऱ्याने एडवर्डला पत्राने कळवले होते. पदक मात्र मिळाले नाही.

हे सारे मी मुलाला जेवताना सांगितले. त्याने ताटातून मान वर न करता विचारले, "मग ब्रिस्टलला ते ओरडत होते तेव्हा टॉटनहॅमचे बाकीचे दहाजण काय करत होते?" यावर मी काय बोलणार? सौ.ने माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी थर्मास घेऊन कडेला मीही उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी लीगच्या सेक्रेटरींना पत्र लिहिले. तारीख, मैदान, कानांनी ऐकलेले शब्द, सगळे घातले. उत्तर यायला सहा आठवडे लागले आणि ते दोन ओळींचे होते. चिरंजीव त्याआधीच पुन्हा खेळायला लागले होते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघे गाडीने फ्रान्सला गेलो. आरासच्या स्मारकावर, थडगी नसलेल्या हजारो सैनिकांच्या नावांत टलचे नाव आहे. ते मुलानेच शोधून काढले.