लांब गाडी कीं उंच गाडी ?

कुटुंबासाठीं मोटार घ्यावयाची तर ती सखल, लांब आणि मागें सामानास ऐसपैस जागा असलेली घ्यावी, कीं जमिनीपासून उंच उचललेली, रुंद छातीची आणि दुरूनच नजरेंत भरणारी घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां बाजाराचा दिसतो. विकणारानें किंमत सांगावी, पेढीनें हप्ता सांगावा आणि गृहस्थानें आपली थैली चांचपून पाहावी, इतकेंच त्यांत आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु जो प्रश्न आज घरोघर निघतो आणि ज्याचें उत्तर बहुतेक घरें एकच देतात, त्याच्या मागें कांहीं जुनें कारण असलें पाहिजे. तें शोधण्यास पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुका फार सोईचा आहे. या तालुक्याच्या पश्चिम टोकास, भीमेच्या कांठीं, वढू बुद्रुक हें गांव आहे; आणि पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावरून वढूस वळावें लागतें, त्याच रस्त्यावर पुढें रांजणगांवास आजच्या उंच गाड्यांपैकीं कांहींचा जन्म होतो.

प्रथम नांवांचा विचार करूं. लांब गाडीस 'स्टेशन वॅगन' म्हणतात. अमेरिकेंत आगगाडीच्या स्टेशनावरून उतारू व त्यांचें सामानसुमान मुक्कामीं पोंचविण्यासाठीं जी गाडी ठेवीत, तिचें हें नांव. 'वॅगन' हा शब्द आपल्याकडे मालगाडीबरोबर आला, आणि आपल्या लोकांनीं त्याची 'वाघीण' करून टाकिली. ओझें वाहणारीस मराठी माणसानें एवढें तेजस्वी नांव क्वचितच दिलें असेल. उंच गाडीस 'एस्. यू. व्ही.' म्हणतात, खेळ आणि उपयोग या दोहोंसाठीं असलेलें वाहन, असा त्या तीन अक्षरांचा अर्थ. शिरूर तालुक्याचें वैशिष्ट्य असें कीं, येथें स्टेशनच नाहीं. लोहमार्ग दक्षिणेस दौंडावरून गेला. १८७८ सालीं दौंड-मनमाड फांटा झाला तोही शिरूर बाजूस ठेवूनच. त्यामुळें येथील माणसाचें जाणेंयेणें सर्वस्वी रस्त्यावर अवलंबून राहिलें, आणि रस्ता व वाहन यांचा संबंध येथें जितका उघड दिसतो तितका अन्यत्र दिसत नाहीं.

तो संबंध असा आहे. पेशवाईअखेरपर्यंत दख्खनचा बराचसा माल वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे. चाकाचा गाडा होता. पण तो भरीव चाकांचा, अवजड, शेत आणि गांव यांच्यापुरता. १८३० सालीं, गव्हर्नर माल्कमच्या कारकीर्दींत, बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. आणि त्याच दशकांत गेसफर्ड नांवाच्या कंपनीच्या लष्करी अंमलदारानें दोन बैलांनीं ओढावयाच्या हलक्या गाडीचा या भागांत प्रसार केला. रस्ता सुधारला तशी गाडी हलकी झाली. आरे असलेलें चाक आणि लोखंडी धांव यांच्या जोरावर शेतकऱ्याच्या दारीं जी गाडी आली, तिचेंच घरगुती रूप म्हणजे दमणी. वर तट्ट्याचें छत, खालीं कडब्याचा थर, त्यावर घोंगडी. माहेरवाशीण, तिचीं मुलें, म्हातारी सासू, शिधा आणि वळकट्या एवढें सारें एका दमणींत मावत असे. ती उंच नव्हती. उंच असती तर म्हातारीस चढतां आली नसती. ती दिमाखाची नव्हती. पण तींत घर मावत असे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर दमणी ही आपली स्टेशन वॅगन होय.

मान मात्र निराळ्या वाहनांत होता. पालखींत बसणें हा पैशाचा प्रश्न नसून परवानगीचा प्रश्न होता. सरकारांतून पालखीचा मान मिळे, अब्दागीर मिळे, आणि पालखीच्या खर्चास नेमणूकही बांधून मिळे. त्याहून मोठा मान हत्तीच्या अंबारीचा. म्हणजे एकाच समाजांत दोन प्रकारचीं वाहनें शेजारीं शेजारीं चालत होतीं: एक घर वाहून नेणारें, दुसरें घराचा लौकिक वाहून नेणारें. या दोहोंचा घोटाळा त्या काळीं होत नसे, कारण पालखी विकत घेऊन कोणास तींत बसतां येत नव्हतें.

परंतु उंच बसल्यानें मोठेपणा येतो हें खरें काय? या प्रश्नास वढू बुद्रुकाइतकें स्पष्ट उत्तर दुसरें कोणतें गांव देणार? १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरास संभाजीमहाराज पकडले गेले. त्यांना बहादूरगडास आणून मोंगलांनीं उंटावर बसवून छावणींतून फिरविलें. शत्रूनें त्यांना उंच बसविलें तें अपमानासाठीं. ११ मार्च १६८९ रोजीं त्यांचा वध झाला, आणि वढूस त्यांची समाधि आहे. तीनशेंहून अधिक वर्षें लोक तेथें माथा टेकतात. पालखींत बसविल्यानें जें वाढलें नसतें, तें उंटावर फिरविल्यानें कमीही झालें नाहीं. वाहनाची उंची आणि माणसाची उंची यांचा संबंध किती आहे, हें या एका प्रसंगानें कायमचें सांगून ठेविलें आहे.

आतां मोटारींकडे वळूं. उंच मोटारीचें मूळ रणांगणावर आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकेनें जीप बनविली ती चिखल, वाळू आणि खड्डे यांसाठीं. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीनें १९४७ पासून जीप आणण्यास व जुळविण्यास आरंभ केला. त्या वेळच्या ग्रामीण रस्त्यांस तीच योग्य होती. पावसाळ्यांत ओढा भरला, काळ्या मातींत चाक रुतलें, तर सखल गाडीची काय कथा! जीपची उंची ही हौस नव्हती, गरज होती. १९९४ सालीं पुण्याच्या टाटांनीं 'सुमो' काढली; सुमंत मुळगांवकर यांच्या नांवाचीं आद्याक्षरें तींत आहेत. दहा माणसें घेणारी ही गाडी गांवोगांव लग्नास, दवाखान्यास आणि देवदर्शनास धांवली. तीही उंच खरी, परंतु तिची उंची दमणीच्या कामास लाविलेली होती.

याच्या थोडें आधीं पुण्यांतच एक प्रयोग होऊन गेला होता, आणि आमच्या मतें या विषयाचें मर्म त्यांत आहे. १९८८ सालीं टाटांच्या कारखान्यानें 'टाटामोबाईल' नांवाची लहान मालवाहू गाडी काढिली. तिच्याच सांगाड्यावर १९९१ सालीं 'सिएरा' आणि १९९२ सालीं 'इस्टेट' या दोन मोटारी उभ्या राहिल्या. आई एक, पण सिएरा उंच, तीन दारांची, मागें वळणदार कांचा असलेली, इस्टेट लांब, पांच दारांची, मागें संसार मावेल एवढी जागा असलेली. एक एस्. यू. व्ही., दुसरी वॅगन. कुटुंबाच्या सोईचा विचार केला तर इस्टेटीनें जिंकावयास हवें होतें, कारण सिएरेंत मागच्या बैठकीवर जाण्यास दारच नव्हतें. पुढें दोन्ही बंद झाल्या. पण लोकांच्या मनांत राहिली ती सिएरा. इतकी, कीं २०२५ च्या नोव्हेंबरांत टाटांनीं तेंच नांव नव्या गाडीस देऊन तिला परत आणिलें. इस्टेटीस कोणी परत बोलाविलें नाहीं. २००४ सालीं टाटांनीं 'इंडिगो मरिना' ही आणखी एक वॅगन काढून पाहिली; तिचीही तीच गत झाली. सामानाची गाडी म्हणजे धंद्याची गाडी, शववाहिका किंवा भाड्याची गाडी, असा कांहींसा ग्रह आपल्या मध्यम वर्गाच्या मनांत होता, आणि तो कोणत्याही जाहिरातीनें गेला नाहीं.

या ग्रहास कायद्यानें हात दिला. २००६ च्या अंदाजपत्रकांत लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. आणि लहान म्हणजे ४ मीटरच्या आंतली, अशी व्याख्या ठरली. वॅगनचा सारा गुण लांबींत. आणि दंड पडला तो लांबीवर. २००८ सालीं इंडिगोचीच मागची बाजू आंखडून ती ४ मीटरच्या आंत बसविण्यांत आली. चार वर्षांपूर्वीं जिची डिकी वाढवून वॅगन केली होती, तिचीच डिकी आतां करासाठीं कमी झाली. लांबी बंद झाल्यावर कारागिरास वाढण्यास दिशा उरली ती वरची. २०१३ सालीं अर्थमंत्र्यांनीं, या गाड्या रस्ता व जागा अधिक व्यापतात म्हणून, उंच गाड्यांवरील कर २७ वरून ३० टक्के केला. २०१७ च्या वस्तु-सेवा-करांत ४ मीटरहून लांब, मोठ्या एंजिनाच्या आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर वा अधिक उंच असलेल्या गाडीवर अधिभारासह ५० टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आंतील लहान एंजिनाच्या गाडीस १८ आणि बाकीच्यांस ४० टक्के, अशी वांटणी झाली. पेशवाईंत पालखीच्या मानाबरोबर सरकार नेमणूक देत असे. आतां मान आपण विकत घ्यावयाचा आणि वर सरकारास कर द्यावयाचा, एवढाच फरक. पण आंखूड आणि उंच गाडी या कायद्यांतून सुखरूप सुटली, आणि तिचेंच पीक आलें. २०२३-२४ सालीं देशांत विकल्या गेलेल्या सुमारें ४२ लाख मोटारींपैकीं २५ लाख या उपयोगी वर्गांतल्या होत्या.

रांजणगांवचा कारखाना ही या बदलाची जिवंत साक्ष आहे. २००९ सालीं तेथून फियाटच्या लिनिया व पुंटो या सखल मोटारी निघत होत्या. २०१७ सालीं तेथूनच जीप कंपास आणि टाटा नेक्सन या उंच गाड्या निघूं लागल्या. आणि गंमत अशी कीं, ज्या काळांत शिरूरचा रस्ता चार पदरी झाला, वाड्या-वस्त्यांच्या वाटांवर डांबर पडलें, त्याच काळांत दारांतल्या गाड्या उंच झाल्या. १८३० च्या दशकांत रस्ता सुधारला तेव्हां गाडी हलकी झाली होती. या वेळीं रस्ता सुधारला आणि गाडी जड झाली. तेव्हां उंचीचें कारण आतां रस्त्यांत उरलेलें नाहीं. तें पालखीच्या गोटांत जाऊन बसलें आहे.

यावर प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. गतिरोधक बेसुमार आहेत, पावसाळ्यांत मळ्याची वाट अजूनही चिखलाची असते, उसाच्या ट्रॅक्टरांनीं रस्त्यास चाकोऱ्या पाडलेल्या असतात. तेथें सखल गाडीचें पोट घासतें. ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडीलधाऱ्यांस फार खालच्या बैठकीवरून उठणें कठीण जातें. किंचित् उंच बैठक त्यांना बरी. हीं कारणें खरीं आहेत, आणि ज्याच्या घरीं तीं आहेत त्यानें उंच गाडी खुशाल घ्यावी. परंतु ज्याची गाडी वर्षांतून तीनशें दिवस शिक्रापूर-वाघोलीच्या कोंडींत उभी राहावयाची, त्यानें चिखलाचें नांव पुढें करूं नये.

उलट पक्षीं उंचीची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाहीं. कडबा उंच भरला कीं वळणावर गाडी कलते, हें प्रत्येक गाडीवानास ठाऊक असतें. मोटारीसही तोच नियम लागू आहे. आधुनिक यंत्रांनीं तो धोका कमी केला, नाहींसा केला नाहीं. जड गाडीस इंधन अधिक लागतें, आणि हप्ता तर वर्षानुवर्षें चालतो. त्यांत मुलीच्या शिक्षणाचा पैसा गेला तर तो परत येत नाहीं. सर्वांत गंभीर गोष्ट निराळीच आहे. उंच गाडीचें नाक उंच असतें, आणि त्या नाकासमोर उभें असलेलें तीन वर्षांचें मूल चालविणारास दिसत नाहीं. आपल्या खेड्यांत घराचें अंगण हेंच मुलांचें खेळण्याचें ठिकाण आणि तेंच गाडी लावण्याचें ठिकाण असतें. दमणी जोडतांना बैल पुढें असे. तो मूल पाहून थबकत असे. मोटार थबकत नाहीं.

खरी वॅगन आज आपल्या बाजारांत जवळजवळ मिळेनाशी झाली आहे, हें खरें. पण तिचा वंश बुडालेला नाहीं. २००५ ची इनोव्हा, २०१२ ची अर्टिगा या गाड्या नांवानें वॅगन नसल्या तरी दमणीच्याच कुळांतल्या आहेत: तीन ओळी बैठकी, बेताची उंची, आणि सासू, सून, मुलें व वळकट्या यांना एकत्र नेण्याची ऐपत. ज्यास निवड करावयाची आहे त्यानें आधीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसास त्या गाडींत चढवून उतरवून पाहावें. गाडी बंद असतां समोर लहान मुलास उभें करून आपण चालकाच्या जागीं बसावें आणि तें दिसतें कीं नाहीं तें पाहावें. नंतर आपण वर्षांत किती दिवस कोणत्या रस्त्यानें जातों याचा हिशेब मांडावा. आणि शेवटीं हप्त्याचा. या चार गोष्टी झाल्यावरही उंच गाडीच उजवी ठरली, तर ती घेण्यांत कांहीं वावगें नाहीं. मात्र शेजाऱ्याच्या दारांत कोणती गाडी उभी आहे, हा पांचवा प्रश्न या हिशेबांत धरूं नये. पालखीचा मान सरकारांतून मिळत होता, तेव्हां त्यास कांहीं अर्थ तरी होता.