दोन बोटे आणि चार तबकड्या



कामगार संघटनेच्या माणसाने या व्यासपीठावरून रॉक संगीताविषयी बोलावे, हे आपल्यापैकी कित्येकांना चमत्कारिक वाटले असेल. संगीताचे शास्त्र मी शिकलेलो नाही आणि माझे इंग्रजी कामगार कायद्याच्या पुस्तकांवर पोसलेले आहे. परंतु आज ज्या तबकड्यांविषयी बोलावयाचे आहे, त्यांचा उगम पत्र्याच्या कारखान्यातील एका अपघातात आहे. तेथे बोलण्याचा थोडाफार अधिकार मला पोहोचतो.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. त्याच्या ॲस्टन या कामगार वस्तीतली चार पोरे १९४८-४९ सालची, म्हणजे बाँबहल्ल्यांत पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांत खेळून वाढलेली. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करी. ऑझी ऑस्बॉर्नने खाटीकखान्यात काम केले, मोटारींचे भोंगे सुरात लावण्याचेही केले. गीझर बटलर हिशेबनीस होण्याच्या वाटेवर होता. चौथा बिल वॉर्ड, ढोल वाजवणारा.

१९६५ साली आयोमी सतरा वर्षांचा होता. एका वाद्यवृंदाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जावयाचे ठरल्यामुळे त्याने नोकरी सोडली होती आणि तो त्याचा कामावरचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवावयास घरी आला तेव्हा ‘आता परत जात नाही’ असे तो म्हणाला. आईने बजावले, घेतलेले काम नीट पुरे करून ये. आपल्याकडची कोणतीही आई हेच म्हणाली असती. त्या दिवशी प्रेसवरची बाई कामावर आली नव्हती, म्हणून तिच्या यंत्रावर याला उभे केले. प्रेस खाली आला, हाताखाली आला तो उजवा हात. दचकून त्याने तो मागे खेचला आणि मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक तेथेच राहिले. आयोमी डावखुरा. गिटारच्या तारा दाबावयाचा त्याचा हात उजवाच.

धोक्याच्या यंत्राला संरक्षक जाळी असलीच पाहिजे, असे ब्रिटनच्या १९६१ च्या फॅक्टरी कायद्याचे १४ वे कलम सांगत होते. आपल्या १९४८ च्या कायद्यातही २१ व्या कलमात तेच होते. कलम पुस्तकात असते आणि हात प्रेसखाली असतो, या दोहोंमधले अंतर मोजण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर बोटाच्या पेरापेराचे टक्के लिहिलेले होते. उत्पन्न किती टक्क्यांनी घटले ते त्यात सापडे. तबला, पेटी, गिटार यांचा रकाना त्यात नव्हता.

डॉक्टर म्हणाले, वादन विसर. तेव्हा कारखान्याचा फोरमन त्याच्या घरी एक तबकडी घेऊन गेला. ती होती जँगो राइनहार्टची. १९२८ सालच्या आगीत या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती आणि तरी तो उरलेल्या बोटांनी युरोप गाजवीत राहिला. मुकादम लोकांविषयी माझे मत सहसा चांगले नसते, पण या एका फोरमनला मी मनोमन नमस्कार करतो.

मग पोराने कारागिराची अक्कल चालवली. भांडी धुण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या मापाच्या टोप्या केल्या, घासून बसवल्या आणि वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. त्या टोप्यांतून तारेचा स्पर्श कळत नाही. दाब कानाने ओळखावा लागतो. जाड तारा दुखवीत, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या.

आता तबकड्या. पहिली, ‘ब्लॅक सॅबथ’, १३ फेब्रुवारी १९७० ला निघाली. मुद्रण सारे लंडनमध्ये एका दिवसात आटोपलेले, म्हणजे जवळजवळ एका पाळीचे काम! आरंभी पाऊस आणि चर्चची घंटा, मग षड्ज, वरचा षड्ज आणि तेथून उतरून तीव्र मध्यम, एवढेच तीन स्वर. समीक्षकांनी ती झोडपली. मला ती कच्ची पण प्रामाणिक वाटते. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेली ‘पॅरानॉइड’ सर्वांत लोकप्रिय. तिचे नाव आधी तिच्यातल्या युद्धविरोधी गाण्यावरून ‘वॉर पिग्ज’ ठरले होते. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना ते नाव गळले, पण ढाल-तलवारवाल्याचे वेष्टन तसेच राहिले. ते गाणे थोर आहे. शीर्षकाचे गाणे मात्र उरलेली जागा भरण्यासाठी घाईत केलेले, आणि ते मला तसेच ऐकू येते. रसिक येथे माझ्याशी भांडतात. भांडोत.

माझ्या मते पहिला मान १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ला. तिच्यातल्या काही गाण्यांत आयोमीने तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तार सैल झाली की दुखऱ्या बोटावरचा ताण कमी होतो. आणि त्याच सैलपणातून तो खोल, जड, जमिनीतून आल्यासारखा नाद निघाला, ज्याच्यावर पुढे हेवी मेटल नावाचा सारा संप्रदाय उभा राहिला. बर्मिंगहॅमच्या घणांचा ठेका या संगीतात आहे, असे पुष्कळ जण लिहितात. ते काव्य झाले. सैल तार हा पुरावा आहे. चौथी तबकडी, १९७२ ची ‘व्हॉल्यूम ४’, अमेरिकेत लॉस एंजेलिसला, पैशाच्या आणि कोकेनच्या सुकाळात झाली. तिच्यात चांगले पुष्कळ आहे, पण मला ती ऐकताना घरचा माणूस परका झाल्यासारखे होते.

‘तो अपघात म्हणजे वरदानच’ असे बोलणारे चाहते भेटले की माझे डोके फिरते. १९८८ साली मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात प्रेसवर होतो. टूलरूममधल्या सोबत्याने या वाद्यवृंदाची कॅसेट मला दिली. शब्द कळले नाहीत. त्याच पावसाळ्यात आमच्या पाळीतल्या एका पोराची दोन बोटे गेली. तो भजनात मृदंग वाजवी. भरपाईची रक्कम यावयास चार वर्षे लागली आणि तोवर मृदंग दुसऱ्या गल्लीतल्या मंडळाकडे गेला होता. आणि बर्मिंगहॅमच्या त्या प्रेसवर रोज उभी राहणारी बाई? तिचा हात रोजच त्या यंत्राखाली जात होता. तिच्याविषयी एकाही रसिकाने कधी विचारलेले मी ऐकले नाही.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजवावयास उभे राहिले, तेही ॲस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या मैदानावर. ऑस्बॉर्न खुर्चीवर बसून गायला. १७ दिवसांनी तो वारला. सत्त्याहत्तर वर्षांचा आयोमी उभ्याने वाजवीत होता, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर त्याच्या टोप्या होत्या.