उंचीची मर्यादा आणि भिंतीचे बळ

घर किती उंच बांधावे आणि त्याने किती जागा व्यापावी, हा प्रश्न वरवर पाहता मालकाच्या ऐपतीचा वाटतो. जागा आमची, पैसा आमचा. मग आमचे मजले मोजणारी नगरपरिषद कोण, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या पुस्तकापेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट मिळते.

प्राचीन रोममध्ये वस्ती दाटली तेव्हा भाड्याच्या इमारती एकावर एक मजले चढवून उभ्या राहिल्या. त्या ढासळत आणि पेटतही. म्हणून सम्राट ऑगस्टसने नव्या इमारतींस ७० रोमन फुटांची मर्यादा घातली. पुढे ट्रेजनने ती ६० वर आणली. १६६६ साली लंडन शहर जळाले. दुसऱ्याच वर्षीच्या कायद्याने घरे विटांची अथवा दगडांचीच असावीत असे ठरविले. शिवाय गल्लीत दोन, रस्त्यावर तीन आणि हमरस्त्यावर चार मजले अशी पायरी बांधून दिली. मजल्यांबरोबर भिंतींची जाडीही सांगितली, हे विशेष.

आपल्या मुंबईस हा धडा प्लेगने दिला. १८९६ च्या साथीत अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणसे मेली. १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा दंडक पाळला. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा की, समोर जेवढी मोकळी जागा असेल तिच्या दुपटीहून इमारत उंच नको, म्हणजे खालच्या खोलीतही उजेड पोहोचेल. साठच्या दशकात मुंबईत चटईक्षेत्राचे गणितही आले. हजार फुटांच्या जागेवर निर्देशांक एक असेल, तर सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम हजार फूटच व्हावयाचे. उंच जावे तर खाली जागा सोडावी, पसरावे तर मजले कमी करावेत.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. येथे लिखित नियम नव्हता, तेव्हाही माप होतेच. आपण घर खणांत मोजीत आलो. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि तुळईचे लाकूड जेवढे लांब मिळेल तेवढाच खण रुंद. लाकूडच येथे घराच्या विस्तारास लगाम घालीत होते. भिंतीला मात्र असा लगाम नव्हता. दोन बाजूंनी दगड रचावयाचे, मधली पोकळी खडी-मातीने भरावयाची, अशा भिंती दोन फुटांपासून पाच फुटांपर्यंत जाड होत. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, ही आपली समजूत होती. वर माळवद, त्यावर गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचा नवा थर पडे. उन्हाळ्यात घर गार राही, पण माथ्यावरचा भार वाढत जाई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, या समजुतीचा हिशेब झाला. गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली, निलंगा तालुक्यालाही तडाखा बसला. मृतांचे आकडे निरनिराळ्या हिशेबांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आढळतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्या घरांखाली माणसे गाडली गेली ती बहुतेक बैठी होती. उंचीचा कोणताही नियम त्यांनी मोडला नव्हता. भिंतीचे दोन पदर एकमेकांस बांधलेले नव्हते, म्हणून ते फाकले आणि माळवद खाली आले. उलट जेथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती पडूनही पुष्कळ ठिकाणी सांगाडा उभा राहिला.

मग उंचीची मर्यादा निरर्थक ठरते काय? नाही, तिचा खरा अर्थ येथे कळतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९३ सालीच मातीच्या आणि दुबळ्या दगडी बांधकामांसाठी दोन संहिता प्रसिद्ध केल्या. कच्च्या विटांच्या भिंतीची उंची जाडीच्या आठ पटींहून आणि दोन आडव्या भिंतींमधील लांबी दहा पटींहून अधिक नको, असे पहिली सांगते. म्हणजे खोलीचा विस्तारही भिंतीच्या बळावरच ठरतो. दगडी भिंत साडेचारशे मिलीमीटरहून जाड नको, आणि दर सहाशे मिलीमीटर उंचीला जाडीभर आरपार जाणारे दगड घालावेत, असे दुसरी सांगते. ज्या जाडीचा आपणांस अभिमान होता, तिलाच संहितेने मर्यादा घातली! नकाशाचीही चूक होती. त्या वेळी हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात दाखविलेला होता. २००२ साली तो तिसऱ्यात आला.

पुनर्वसनात जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. क्षेत्र सरकारने ठरविले. वाड्यात वाढलेल्या माणसाला ते अपुरे वाटले, तर त्यात नवल नाही. कुटुंब वाढते तशी खोली वाढते, मजलाही चढतो. २०२० च्या राज्यव्यापी नियमावलीने नगरपरिषदांच्या शहरांतही रस्त्याची रुंदी पाहून उंची व चटईक्षेत्र ठरविले. पण जुन्या पायावर नवा मजला चढविताना पाया काय पेलतो, हे रस्त्याची रुंदी सांगू शकत नाही.

रोमने पडझडीतून, लंडनने आगीतून, मुंबईने साथीतून आणि आपण भूकंपातून नियम शिकलो. प्रत्येक आकड्यामागे कोणाची तरी माती झालेली आहे. म्हणून पुढच्या वेळी गवंड्यास ‘किती मजले चढतील?’ असे विचारण्यापूर्वी ‘भिंतीचे दोन पदर बांधलेत का?’ एवढे विचारावे. १९९३ पूर्वी ते कोणी विचारले नव्हते.