शेतकऱ्याचे पत्र : गाऱ्हाणे आणि ज्ञान

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे 'दर्पण'पासून आरंभ करावयाचा आणि 'प्रभाकर', 'ज्ञानप्रकाश' या टप्प्यांवरून 'केसरी'पर्यंत यावयाचे, ही आपल्याकडील रूढ वाट आहे. ती चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ती शहराची वाट आहे. १८३२ साली 'दर्पण' निघाले, तेव्हापासून पुढील चार-साडेचार दशके मराठी पत्रांतून शेतकऱ्याचा उल्लेख येत असे तो दुष्काळ पडला, सारा वाढला किंवा सावकाराशी तंटा झाला म्हणून. शेतकरी हा त्या पत्रांचा विषय होता. त्या पत्रांशी बोलणारा माणूस तो नव्हता. त्याच्यासाठी म्हणून, आणि काही वेळा त्याच्या गावातून, जी पत्रे पुढे निघाली त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. शेतकऱ्याच्या पत्राला दोन कामे असतात. एक, त्याचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत आणि समाजापर्यंत नेणे. दुसरे, शेतीचे आणि कायद्याचे ज्ञान त्याच्यापर्यंत आणणे. ही दोन कामे एका हातात असतील तर पत्राला बळ येते. त्यांची फारकत झाली की एकीकडे नुसता आक्रोश उरतो आणि दुसरीकडे नुसता उपदेश. मराठी शेतकी पत्रकारितेची वाटचाल ही या दोन कामांच्या भेटीची आणि ताटातुटीची हकीकत आहे, असे आम्हांस वाटते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, खते आणि रोखे जाळले. दंग्याचे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. जाळावयास काय घेतले, ते पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, पण आपल्या गळ्याभोवतीचा फास कागदाचा आहे हे त्यास पुरते कळले होते. दंग्यापाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, कृष्णराव भालेकर यांनी पुण्यास 'दीनबंधु' पत्र सुरू केले. सत्यशोधक समाजाच्या विचारांचे हे पत्र. आजवर कागद शेतकऱ्याच्या विरुद्ध बोलत आला. आता तो त्याच्या बाजूने बोलू लागला.

पुण्यास हे पत्र चालविणे पुढे कठीण झाले आणि १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले. शेतकऱ्याचे पत्र मुंबईस जाते यात विसंगती दिसेल, परंतु ती वरवरची आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा मजूर हा कोकणातून आणि घाटावरून आलेला शेतकरीच होता. त्याचा पगार मुंबईत होत असे आणि कर्ज गावी असे. लोखंडे पुढे गिरणी कामगारांच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक ठरले, हे याच धाग्याचे दुसरे टोक होय.

शेतकऱ्याच्या पत्राची खरी कसोटी १८८३ साली लागली. त्या वर्षी जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्याचे भाग लिहून होत तसतसे ते त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर आदी ठिकाणी लोकांसमोर वाचून दाखविले. छापण्याआधी गावोगाव ऐकविलेला हा ग्रंथ आहे. त्याच्या वाक्यांना जो बोलण्याचा वेग आहे, त्याचे मूळ या वाचनांत शोधले पाहिजे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो स्वतः ऐकला व जोतीरावांना द्रव्यसाहाय्य केले. महाराष्ट्राबाहेरील मराठी दरबाराचा शेतकऱ्याच्या वाङ्मयाशी आलेला हा संबंध बडोद्याच्या वाचकांनी विसरू नये असा आहे.

'असूड' हे केवळ गाऱ्हाणे आहे असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात त्याच्या पाच प्रकरणांत कुलकर्ण्याच्या दप्तरापासून जंगल खात्यापर्यंत आणि दिवाणी कोर्टापासून शेतसाऱ्यापर्यंतचे आरोप आहेत, तसेच उपायही आहेत. पावसाबरोबर शेताचे सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत, त्या कामी लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या हातांचा उपयोग करावा, शेतीची प्रदर्शने भरवून चांगल्या पिकास बक्षिसे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांस परदेशची शेती पाहावयास पाठवावे, अशा सूचना त्यांत आहेत. मृदसंधारण हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी त्यामागील विचार या ग्रंथात आला. ज्या माणसाने आरोप केला त्यानेच उपाय सांगितला, हे 'असूडा'चे वैशिष्ट्य होय.

'दीनबंधू'ने 'असूडा'ची पहिली दोन प्रकरणे छापली. पुढची छापली नाहीत. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत छापून निघाला नाही. याचा दोष लोखंडे यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा रद्द होऊन तेव्हा एक वर्षच लोटले होते, आणि ज्या पत्रावर एका सबंध चळवळीचा भार असतो त्याच्या चालकाला जपूनच पाऊल टाकावे लागते. आम्हांस यातून निराळेच दिसते. शेतकऱ्याचे म्हणून निघालेले पत्रदेखील शेतकऱ्याचे सगळे म्हणणे छापू शकले नाही, इतके ते म्हणणे जड होते.

यानंतर गाऱ्हाणे आणि ज्ञान यांच्या वाटा हळूहळू निराळ्या झाल्या. त्या पुन्हा एकत्र आल्याचे एक ठळक उदाहरण १८९६-९७ च्या दुष्काळातील होय. दुष्काळ-निवारणाचे सरकारी नियम इंग्रजीत पडून होते. टिळकांनी 'केसरी'तून ते मराठीत समजावून दिले. सार्वजनिक सभेने त्यांची पत्रके वाटली आणि गावोगाव माणसे पाठविली. पीक बुडाल्यावर साऱ्याची तहकुबी वा माफी मागणे ही याचना नसून हक्क आहे, हे शेतकऱ्यास त्यातून कळले. यात नियमांची माहिती हेच गाऱ्हाण्याचे शस्त्र झाले. सरकारला याचा अर्थ चांगलाच समजला असावा. कारण १८९७ साली त्याने सभेची मान्यता काढून घेतली.

ज्ञानाची दुसरी वाट बेळगावातून निघते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला लोखंडी नांगर प्रथम बेळगावास तयार केला. काळ्या जमिनीतील हरळी आणि कुंदा खोल नांगरून काढण्यास लाकडी नांगर अपुरा पडे. लोखंडी नांगराने ते काम होई. तरी आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत होती. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला. तेथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांना द्यावी, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. पुढे ते मराठी मध्यमवर्गाचे आवडते 'किर्लोस्कर' मासिक झाले. नांगराच्या फाळामागून आलेले नियतकालिक दिवाणखान्यात जाऊन बसले, हे त्याचे भाग्य खरे; पण ज्या वाचकासाठी ते निघाले होते तो मागे बांधावरच राहिला, हेही तितकेच खरे.

बांधावरच्या या माणसाकडे छापील अक्षर नेण्याचा सर्वांत चिवट प्रयत्न 'दीनमित्र'ने केला. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव हे 'दीनमित्र' नावाचे जुने मासिक चालविणाऱ्या गणपतराव पाटील यांच्या घराण्यात दत्तक गेले होते. १९१० साली त्यांनी त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले आणि अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात तरवडी या खेड्यात राहून ते १९६७ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, चालविले. वृत्तपत्र चालवावयाचे तर पुण्या-मुंबईस बिऱ्हाड करावे लागते, ही समजूत या माणसाने अर्धशतकाहून अधिक काळ खोटी ठरविली. संपादक गावात राहतो तेव्हा मजकूर बदलतो. कर्ज, कुलकर्ण्याचे दप्तर, लग्नकार्यातील उधळपट्टी, मुलांची शाळा हे विषय त्याला बातमीदाराकडून मागवावे लागत नाहीत. ते त्याच्या ओट्यावर येऊन बसतात. भाषाही तशीच येते. मुकुंदरावांचे गद्य रांगडे आहे, क्वचित बोचरे आहे. पण ते कोठेही परके वाटत नाही.

गाऱ्हाण्याच्या वाटेवरील पुढचे मोठे पत्र कोकणातील होय. कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यात चरी येथे खोतांविरुद्ध कुळांनी १९३३ साली संप पुकारला, आणि तो १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्याने स्वतः जमीन पडीक ठेवावी, यापेक्षा कठीण सत्याग्रह कोणता? या लढ्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली 'कृषीवल' काढले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. रान, विधिमंडळ आणि छापखाना ही तिन्ही ठिकाणे त्या वर्षी एका प्रश्नाने जोडली गेली.

स्वातंत्र्यानंतर ज्ञानाची बाजू सरकारने उचलली. १९६० नंतरच्या दशकात संकरित बियाणे आले, रासायनिक खते आली. राज्याच्या कृषि खात्याचे 'शेतकरी' मासिक या नव्या शेतीचे वाहक झाले. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द अशा पानांतूनच गावात पोहोचले. मराठीला मिळालेली ही शब्दसंपत्ती साहित्यसंस्थांनीही मोजावी अशी आहे. मात्र या पानांत शेतकरी ऐकणारा होता, विचारणारा क्वचित आणि भांडणारा तर नव्हेच. उत्पन्न वाढले, तरी हाती काय उरले, हा प्रश्न तेथे मावत नसे. १९७९ साली शरद जोशी यांच्या 'वारकरी' साप्ताहिकाने तोच प्रश्न हाती घेतला आणि उत्पादनखर्चाचा हिशेब हेच गाऱ्हाणे केले. गाऱ्हाणे आणि ज्ञान पुन्हा एका पानावर आले. २००५ साली शेतीला वाहिलेले 'ॲग्रोवन' दैनिक निघाले, तेव्हा बाजारभाव, हवामान, पीकसल्ला आणि धोरणावरील टीका रोज एकत्र छापली जाऊ लागली. 'दीनबंधू'पासून मोजले तर या टप्प्यास पोहोचावयास १२८ वर्षे लागली.

या साऱ्या इतिहासात एक माणूस सर्वत्र आहे, पण त्याचे नाव कोठेही छापलेले नाही. तो म्हणजे पत्र वाचून दाखविणारा. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होते. अशा देशात शेतकऱ्याचे पत्र डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक वाचले गेले. चावडीवर, देवळाच्या ओवरीत, गिरणीच्या चाळीत कोणीतरी ते मोठ्याने वाचले आणि दहाजणांनी ऐकले. हा वाचणारा पुष्कळदा गावचा शिक्षक असे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली आणि पुढच्याच वर्षी 'असूड' लिहिला, हा योगायोग नव्हे. सयाजीरावांनी १९०६ साली ते शिक्षण आपल्या राज्यभर लागू केले. पत्र आणि शाळा ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे दोघांनीही ओळखले होते.

म्हणून आमचे सांगणे शिक्षकबंधुभगिनींस आहे. या पत्रांचे जुने अंक स्वस्त कागदावर छापलेले आहेत. तो कागद पिवळा पडतो, मग तुटतो. गावच्या वाचनालयात, एखाद्या जुन्या सत्यशोधक घराच्या माळ्यावर, सीमाभागातील वा बडोद्यातील एखाद्या पेटीत असे अंक आढळले तर ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांची नोंद करावी, जमल्यास छायाप्रती काढाव्यात, आणि गद्याचा पाठ शिकविताना त्यांतील एखादा उतारा वर्गात मोठ्याने वाचावा. ही पत्रे अशा वाचनासाठीच लिहिलेली होती.