टीनएजर मुलांना घेऊन इटलीची ग्रुप टूर: बारा, पंधरा आणि अठराचं गणित

दहावीची परीक्षा तोंडावर आली की अनेक घरांत एक चर्चा सुरू होते. आई-बाबा म्हणतात, "यंदा युरोप करून टाकूया. पुढे बारावी, सीईटी, मग कुठलं एकत्र फिरणं?" आजीही हौसेने तयार असते. आणि ज्याच्या सुट्टीसाठी हे सगळं चाललेलं असतं, तो पंधरा वर्षांचा प्राणी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, "ग्रुप टूर? त्यात सगळे अंकल-आंटी असतात. मी नाही येत."

अर्नाळा, आगाशी, विरार, वसई या पट्ट्यात इटलीचं नाव तसं नवीन नाही. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी रोम म्हणजे तीर्थयात्रा, बाकीच्यांसाठी 'युरोप' या शब्दाचा पहिला अर्थ. पण खर्च माणशी लाखांत जातो आणि बहुतेक घरांत अशी सहल आयुष्यात एकदाच होते. ती दहा दिवसांच्या रुसव्याफुगव्यात जाऊ नये असं वाटत असेल, तर टूर आतून कशी चालते आणि त्यात तुमचा मुलगा किंवा मुलगी नेमकी कुठे बसते, हे पैसे भरण्याआधी समजून घेतलेलं बरं.

ग्रुप टूर मुळात कोणासाठी बनली?

मराठी ग्रुप टूरचा धागा आपल्याच जिल्ह्यात येऊन पोहोचतो. केसरी पाटील मूळचे पालघर भागातले आणि पेशाने शिक्षक. त्यांनी 1984 मध्ये केसरी टूर्स सुरू केली. पुढे 2013 मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड काढली. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रात्री भारतीय जेवण, हॉटेल-बस-तिकिटांची चिंता नाही, हा साचा मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडला तो अशाच कंपन्यांमुळे.

या साच्याचं सगळ्यात मोठं आश्वासन म्हणजे 'तुम्ही हरवणार नाही'. साठीतल्या माणसाला ते सोन्यासारखं वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याची गरजच वाटत नाही. त्याला इंग्रजी येतं, गुगल मॅप्स येतो, स्टेशनवरच्या मशीनमधून तिकीट काढता येतं. तुम्ही ज्यासाठी पैसे मोजता त्यातला अर्धा भाग त्याच्यासाठी बंधन असतो. त्याच्या कटकटीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. इटलीवर त्याचा राग नसतो.

बारा, पंधरा, अठरा

पोरगं तुमच्या दृष्टीने लहान असेल, पण कागदावर ते कधी मोठं होतं याचे वेगवेगळे नियम आहेत.

शेंगेन व्हिसाच्या दृष्टीने बारा वर्षं पूर्ण झाली की मूल मोठं. 11 जून 2024 पासून मोठ्यांची व्हिसा फी 90 युरो आहे आणि 6 ते 12 वयाच्या मुलांची 45 युरो. बोटांचे ठसेही बारापासूनच घेतात, म्हणजे मुलाला स्वतः मुंबईच्या व्हिसा केंद्रात जावं लागतं. अर्नाळ्याहून विरार आणि पुढे लोकलने मुंबई म्हटलं की शाळेचा किंवा क्लासचा एक दिवस गेलाच. त्यामुळे ही तारीख चाचणी परीक्षेशी तपासून घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. सोबत किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. तिकडे पोहोचल्यावरही पुन्हा तोच आकडा: युरोपने 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू केलेल्या नव्या नोंदणी पद्धतीत सीमेवर फोटो सगळ्यांचा घेतात, ठसे मात्र बारा आणि त्यापुढच्यांचेच. बहुतेक टूर कंपन्यांचा मुलांचा सवलतीचा दरही याच वयाच्या आसपास संपतो.

पंधराचा आकडा पासपोर्टचा. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. पाचवीत असताना काढलेला पासपोर्ट दहावीच्या सुट्टीत संपलेला असतो आणि ते बुकिंगनंतर लक्षात येतं, असं हमखास होतं. पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतरही तो किमान तीन महिने वैध असावा लागतो. टूर कंपन्या तर सहा महिने मागतात.

अठराचे दोन अर्थ. पहिला, अठराच्या आतल्या मुलाच्या अर्जाला आई आणि वडील दोघांची संमती लागते. दोघांपैकी एकच जण सोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र वेळेत तयार ठेवा. दुसरा अर्थ सुखाचा आहे. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत आणि पुरातत्त्व स्थळांवर अठराच्या आतल्या सगळ्यांना, कुठल्याही देशाचे असोत, प्रवेश मोफत असतो. रोमचं कलोसियम, फ्लोरेन्सची उफिझी गॅलरी, मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' जिथे आहे ती अकादेमिया, पॉम्पेई, सगळं त्यात येतं. वेळ मात्र आधी राखून ठेवावी लागते आणि पासपोर्ट जवळ लागतो. कलोसियमच्या तिकिटावर तर नावही असतं आणि ते पासपोर्टशी जुळवतात. व्हॅटिकन हा वेगळा देश असल्याने तिथे हा नियम चालत नाही.

म्हणून बुकिंगच्या वेळी सरळ विचारा: टूरच्या किमतीत कुठले प्रवेश धरले आहेत आणि मुलाला मोफत असलेल्या तिकिटांचं काय केलंत? उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं मिळेल, पण विचारलंच नाही तर काहीच मिळत नाही. जाता जाता, परदेशी टूरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. त्याचा दर बजेटमध्ये बदलतो, म्हणून चालू दर विचारून घ्या. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून मिळते.

'बघणे' म्हणजे नक्की काय?

टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात जास्त गफलत एका क्रियापदाची होते. 'कलोसियम पाहू' याचा अर्थ कधी आत जाणं असतो, तर कधी बाहेर बस थांबवून फोटो काढणं. 'फोटो स्टॉप', 'ओरिएंटेशन टूर', 'ड्राइव्ह पास्ट' हे शब्द दिसले की समजा, आत जायचं नाही. मोठ्यांना ते चालून जातं. पण ज्या मुलाने 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड टू' या गेममध्ये पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्स आणि व्हेनिसच्या छपरांवरून तासन् तास उड्या मारल्यात, त्याला फ्लोरेन्सचं कॅथेड्रल रस्त्यापलीकडून दाखवून परत बसमध्ये बसवणं हा छळ आहे. त्या घुमटावर 463 पायऱ्या चढून जाता येतं. ग्रुप टूरमध्ये हे सहसा नसतं, पण फ्लोरेन्सला मोकळी दुपार मिळत असेल तर आधी वेळ घेऊन कुटुंबातले दोघं जाऊ शकतात.

पिसाचंही तसंच. कलता मनोरा 1990 ते 2001 एवढी वर्षं दुरुस्तीसाठी बंद होता. आता वर जाता येतं, पण ठरलेल्या वेळेलाच. आठ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत आणि अठराच्या आतल्यांसोबत मोठं माणूस लागतं. बहुतेक ग्रुप मात्र मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचा फोटो काढून निघतात.

आणखी एक गोष्ट. 'गाईडेड टूर'मध्ये गाईड दोन प्रकारचे असतात. मुंबईहून सोबत आलेला टूर मॅनेजर वेळ, जेवण आणि हॉटेल सांभाळतो. पण इटलीत गाईडचं काम करायला परवाना लागतो, त्यामुळे स्मारकांची माहिती सांगायला स्थानिक गाईड येतो. तो इटालियन वळणाच्या इंग्रजीत, कानातल्या यंत्रातून बोलतो. आजीला त्यातलं फारसं कळत नाही. इथे नातवंडाला काम द्या: ऐकायचं आणि आजीला मराठीत सांगायचं. 'इकडे बघ, तिकडे बघ' यापेक्षा हे चांगलं चालतं.

बसचं घड्याळ

ग्रुप टूरमधली निम्मी भांडणं वेळेवरून होतात आणि उशिरा येणाऱ्यांत तरुण पोरं पुढे असतात. टूर मॅनेजर इतका का चिडतो, हे मुलाला आधीच सांगा. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे बसचालकाला सलग साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदाच दहा. रोज साधारण अकरा तासांची विश्रांती सक्तीची. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं आणि मोडलं तर दंड होतो. त्यात मोठ्या बसना जुन्या शहरांत प्रवेश नाही, ठरल्या जागी थोडाच वेळ थांबता येतं. एका जेलातोपायी झालेला वीस मिनिटांचा उशीर रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांना पुरतो. 'काका ओरडतात' यापेक्षा हे कारण मुलांना पटतं.

झोपेचंही एक गणित आहे. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ तेव्हा तिथे पहाटेचे साडेचार. पहिले दोन-तीन दिवस तुमचं उशिरा उठणारं पोर स्वतःहून पहाटे जागं होईल आणि तुम्हाला वाटेल, सुधारला! चौथ्या-पाचव्या दिवशी शरीराचं घड्याळ तिथल्या वेळेला लागतं, किशोरवयातली उशिरा झोपण्याची ओढ परत येते आणि सकाळी सातच्या बसला हाका माराव्या लागतात. तो आळस नाही. त्या आठवड्यात रात्रीचा मोबाईल लवकर बंद करण्याचा करार निघण्याआधीच करून टाका.

पिझ्झा, स्कूटर आणि मोबाईल

रोज रात्री पनीर आणि डाळ बघून पोरं वैतागतात. एखादी रात्र ग्रुपचं जेवण सोडून बाहेर जा. इटलीत 'पेपेरोनी' मागाल तर पिझ्झ्यावर ढोबळी मिरची येते. तिखट सलामी हवी असेल तर 'सालामे पिकांते' म्हणायचं. किनाऱ्याच्या गावांत तळलेल्या छोट्या माशांची पुडी मिळते. अर्नाळ्यात बोंबील खाऊन वाढलेल्या पोराला ती परकी वाटणार नाही.

रस्त्यावरच्या ई-स्कूटर बघून हट्ट होईल. चौदाच्या आतल्यांना ती चालवायला बंदी आहे, हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं आहे आणि भाड्याने देणारी अ‍ॅप्स सहसा अठरा पूर्ण मागतात. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसायलाही बंदी आहे, दंड होतो. फोन मागच्या खिशात ठेवू देऊ नका, रोमच्या मेट्रोत आणि व्हेनिसच्या बोटींत खिसेकापू असतात. अडचणीत 112 हा नंबर.

विरार लोकलमधलं इटली

मुलाला इटलीशी जोडायचं असेल तर रोजच्या लोकलपासून सुरुवात करता येते. 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यातले तिघे इटलीतल्या तोलेंतिनो, पादुआ आणि सिएना या गावांचे. त्यांना पुरलं गेलं ते सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात. काही काळाने ओदोरिक नावाचा इटालियन साधू आला आणि त्यांचे अवशेष घेऊन पुढे चीनकडे गेला. व्हेनिसहून फ्लोरेन्सला जाताना बस पादुआजवळूनच जाते. खिडकीतून पाटी दाखवा.

1695 मध्ये जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी जगप्रदक्षिणा करताना वसईला आला, कान्हेरीची लेणी बघून गेला आणि त्यावर लिहिलं. वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीत हुतात्मा झाले. त्यांना संतपद जाहीर झालं ते 1862 मध्ये रोमला, पोप पायस नववे यांच्या हस्ते. सेंट पीटर्समध्ये उभं राहून वसईच्या मुलाला हे सांगता येतं. (तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. शॉर्ट्समधल्या पोरांना दारातूनच परत पाठवतात.)

आणि टूरमध्ये नेपल्स असेल तर तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात एक हस्तिदंती बाई आहे. 1938 मध्ये पॉम्पेईत सापडलेली, इसवी सन 79 च्या ज्वालामुखीत गाडली गेलेली, 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणून ओळखली जाणारी भारतीय मूर्ती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तिच्यासारखी हस्तिदंती मूर्ती सापडली आहे. ग्रुप टूर सहसा पॉम्पेईवरूनच परत फिरतात. संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि ही मूर्ती 'गुप्त दालना'त आहे, जिथे चौदाच्या आतल्यांना मोठ्या माणसाशिवाय सोडत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाला हे एवढं सांगा, दालन तो स्वतःच शोधून काढेल.